किराणा खरेदीतील संकेत आणि संशोधनातील ‘ग्राहक’ : सहभागींच्या लोकसंख्याशास्त्रीय रचनेची चिकित्सा

गोषवारा

दुकानातील फलक, संगीत, मांडणी, चव घेण्याचे टेबल किंवा ग्राहकाने स्वतः केलेली यादी यांचा किराणा खरेदीवर कोणता परिणाम होतो, या विषयावर गेल्या तीन दशकांत विपुल संशोधन झाले आहे. त्यातील काही अभ्यास वाणिज्य, मानसशास्त्र, गृहविज्ञान आणि व्यवस्थापन या विद्याशाखांत आधारभूत मानले जातात. या अभ्यासांतील सहभागी नेमके कोण होते, त्यांच्या रचनेचा निष्कर्षाशी कोणता संबंध पोहोचतो आणि अध्यापनात तो का गळून पडतो, यांची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

बीजशब्द : किराणा खरेदी, संकेत, नमुना निवड, लोकसंख्याशास्त्रीय रचना, बाह्य वैधता.

१. प्रस्तावना

कोणत्याही सर्वेक्षणाधारित प्रबंधात ‘उत्तरदात्यांची पार्श्वभूमी’ या नावाचे एक प्रकरण असते. वय, लिंग, शिक्षण, व्यवसाय, उत्पन्न आणि कुटुंबाचा आकार यांची कोष्टके त्यात क्रमाने येतात. प्रत्येक कोष्टकाखाली त्यातलीच टक्केवारी शब्दांत पुन्हा लिहिलेली असते. हे प्रकरण संपले की ती माहितीही संपते. पुढील विश्लेषणात ती क्वचितच डोकावते आणि निष्कर्षात तर ‘ग्राहक’ हा एकच शब्द उरतो. हा ग्राहक तरुण की वृद्ध, एकटा राहणारा की सात माणसांच्या घरासाठी खरेदी करणारा, रोजंदारीवरचा की मासिक पगाराचा, हे वाचकाला कळत नाही.

हा दोष केवळ आपल्याकडील प्रबंधांचा आहे असे मानणे सोयीचे असले तरी खरे नाही. जगभर उद्धृत होणाऱ्या अभ्यासांच्या प्रसारातही तो आढळतो, फक्त त्याचे रूप वेगळे असते. आपल्याकडे कोष्टक असते, पण त्याचा उपयोग होत नाही. तिकडच्या गाजलेल्या दुकानी प्रयोगांत मोजमाप वस्तूंचे होते आणि माणसांचे चित्र पुसट राहते. दोन्हीकडे परिणाम एकच होतो : विशिष्ट माणसांविषयीचे विधान सर्व माणसांविषयीचे होऊन बसते.

येथे ‘संकेत’ हा शब्द व्यापक अर्थाने घेतला आहे. खरेदीच्या क्षणी किंवा त्याच्या थोडे आधी ग्राहकाचे लक्ष एखाद्या वस्तूकडे, संख्येकडे किंवा पर्यायाकडे वळवणारी आणि सक्ती न करणारी कोणतीही योजना म्हणजे संकेत होय. वर्तनवादी अर्थशास्त्रात ज्याला ‘नज’ म्हणतात त्याचा बराचसा भाग या व्याख्येत येतो.

२. तीन अभ्यास, तीन ठिकाणे

वर्गात वारंवार सांगितल्या जाणाऱ्या तीन अभ्यासांपासून आरंभ करणे उचित ठरेल.

पहिला अभ्यास ब्रायन वॅन्सिंक, रॉबर्ट केंट आणि स्टीफन होच यांचा असून तो १९९८ साली ‘जर्नल ऑफ मार्केटिंग रिसर्च’मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या सू सिटी या शहरात, तीन सुपरमार्केटांमध्ये सूपचे डबे नेहमीच्या ८९ सेंटऐवजी ७९ सेंटना ठेवण्यात आले. फलकावर कधी ‘खरेदीवर मर्यादा नाही’, कधी ‘प्रत्येकी ४’ तर कधी ‘प्रत्येकी १२’ असे लिहिलेले होते. खरेदीदारांनी घेतलेल्या डब्यांची सरासरी अनुक्रमे ३.३, ३.५ आणि ७.० आली. बारा हा आकडा डोळ्यांसमोर आल्याने खरेदी दुपटीहून अधिक झाली, असा त्याचा अर्थ लावला गेला. डॅनियल काहनेमान यांनी २०११ च्या आपल्या ‘थिंकिंग, फास्ट अँड स्लो’ या ग्रंथात या प्रयोगाचा उल्लेख केल्यानंतर तो विद्यापीठीय वर्तुळाबाहेरही पोहोचला.

दुसरा अभ्यास एड्रियन नॉर्थ, डेव्हिड हार्ग्रीव्ह्ज आणि जेनिफर मॅकेंड्रिक यांचा आहे. तो १९९७ साली ‘नेचर’मध्ये संक्षेपाने आणि १९९९ साली विस्ताराने प्रसिद्ध झाला. इंग्लंडमधील एका सुपरमार्केटात फ्रेंच आणि जर्मन वाइन शेजारी शेजारी मांडून दोन आठवडे एक दिवस फ्रेंच धाटणीचे आणि दुसऱ्या दिवशी जर्मन धाटणीचे संगीत लावण्यात आले. फ्रेंच संगीताच्या दिवसांत ४० फ्रेंच आणि ८ जर्मन बाटल्या विकल्या गेल्या. जर्मन संगीताच्या दिवसांत २२ जर्मन आणि १२ फ्रेंच बाटल्या विकल्या गेल्या. खरेदीनंतर प्रश्नावली भरून देण्यास ४४ ग्राहक तयार झाले. संगीताचा आपल्या निवडीवर परिणाम झाला असे त्यांपैकी केवळ ६ जणांनी मान्य केले.

तिसरा अभ्यास शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांचा, २००० सालचा. कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथील ड्रेगर्स या उच्चभ्रू किराणा दुकानात दोन शनिवारी जॅमची चव घेण्याचे टेबल मांडण्यात आले. त्यावर कधी २४ तर कधी ६ प्रकार ठेवले होते. चोवीस प्रकारांच्या टेबलापाशी थांबलेल्यांपैकी सुमारे ३ टक्के लोकांनी जॅम विकत घेतला. सहा प्रकारांच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे ३० टक्के होते. ‘पर्याय वाढले की निर्णय अडतो’ हे सूत्र त्यातून लोकप्रिय झाले.

तिन्ही अभ्यास खऱ्या दुकानात आणि खऱ्या पैशांनिशी झाले. प्रयोगशाळेत बसवलेल्या विद्यार्थ्यांऐवजी वाटेने जाणारा सामान्य ग्राहक त्यांत आहे, हे त्यांचे बलस्थान निश्चितच आहे. मात्र या बलस्थानातच चिकित्सेचा मुद्दा दडलेला आहे. खरे दुकान म्हणजे प्रातिनिधिक दुकान नव्हे. प्रत्येक दुकानाला वस्ती असते, रस्ता असतो, भाव असतो आणि वेळ असते. या चारही गोष्टी आत कोण येणार हे संशोधकाच्या आधीच ठरवत असतात.

३. आलेला, थांबलेला, घेणारा आणि उत्तर देणारा

दुकानी प्रयोगांतील ‘सहभागी’ हा शब्द फसवा आहे. त्याखाली निदान चार वेगळे गट असतात : दुकानात आलेले, संकेतापाशी थांबलेले, वस्तू घेणारे आणि प्रश्नांना उत्तर देणारे. जॅमच्या अभ्यासात ही गाळणी आकड्यांनिशी पाहता येते, आणि हे आकडे मूळ लेखकांनीच दिले आहेत ही गोष्ट त्यांच्या श्रेयात जमा करावी लागेल.

प्रयोगाच्या काळात दुकानात ७५४ ग्राहक होते. त्यांपैकी ५०२ जण टेबलाजवळून गेले. चोवीस प्रकार मांडले असताना जवळून गेलेल्या २४२ पैकी १४५ जण थांबले, तर सहा प्रकार असताना २६० पैकी १०४. म्हणजे एकूण २४९ जण थांबले. जॅम घेणारे त्यांतून अनुक्रमे ४ आणि ३१, असे केवळ ३५ निघाले. दुकानातील एकूण ग्राहकांशी हे प्रमाण पाच टक्क्यांहून कमी भरते. जगभर पसरलेले सूत्र या पस्तीस व्यक्तींच्या दोन गटांतील फरकावर उभे आहे.

फरक खोटा आहे असे येथे सुचवायचे नाही. टेबलाजवळून गेलेले सर्व लोक छेदस्थानी घेतले तरी एका बाजूस सुमारे १२ टक्के आणि दुसऱ्या बाजूस २ टक्क्यांहून कमी असे प्रमाण येते, म्हणजे दिशा बदलत नाही. प्रश्न वेगळा आहे. चोवीस प्रकारांनी ओढले गेलेले १४५ जण आणि सहा प्रकारांपाशी थांबलेले १०४ जण हे एकाच स्वभावाचे, एकाच घाईचे, एकाच गरजेचे लोक होते काय? मोठी मांडणी केवळ कुतूहल असणाऱ्यांनाही थांबवते. छोट्या मांडणीपाशी थांबणाऱ्यांत जॅम हवाच असणाऱ्यांचे प्रमाण अधिक असू शकते. तसे असल्यास संकेताने निर्णयाबरोबर सहभागींची रचनाही बदललेली असते. यादृच्छिकीकरण येथे टेबलाच्या तासाचे झालेले आहे, थांबणाऱ्या माणसाचे नव्हे.

वाइनच्या अभ्यासात हाच प्रश्न निराळ्या रूपाने येतो. विक्री झालेल्या बाटल्या ८२ आणि प्रश्नावली भरणारे ४४ जण. संगीताचा परिणाम ग्राहकांच्या नकळत होतो, हे विधान या ४४ जणांच्या उत्तरांवर आधारलेले आहे. खरेदीनंतर थांबून अनोळखी संशोधकाशी बोलण्यास राजी होणारा माणूस आणि पिशवी उचलून निघून जाणारा माणूस यांत वय, घाई, घरची जबाबदारी यांचा फरक असणे स्वाभाविक आहे. विक्रीचे निष्कर्ष एका गटाचे आणि जाणिवेचे निष्कर्ष दुसऱ्या, लहान गटाचे असताना दोहोंना एकाच ‘ग्राहका’च्या नावावर मांडणे तर्काला धरून नाही.

लोकसंख्याशास्त्रीय कोष्टक बहुधा चौथ्या गटाचे, म्हणजे उत्तर देणाऱ्यांचे असते. परिणाम तिसऱ्या गटाचा मोजला जातो. आणि शिफारस पहिल्या गटासाठी, किंबहुना दुकानात कधीच न आलेल्यांसाठीही केली जाते. या विसंगतीकडे लक्ष वेधणे हा प्रस्तुत लेखाचा मुख्य हेतू आहे.

४. रचनेचा परिणामाशी असलेला संबंध

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जाऊ शकतो आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. डग्लस मूक यांनी १९८३ साली ‘अमेरिकन सायकॉलॉजिस्ट’मधील लेखात असे प्रतिपादन केले होते की प्रत्येक प्रयोगाचा हेतू समष्टीविषयी अंदाज बांधण्याचा नसतो. एखादी प्रक्रिया घडू शकते की नाही एवढेच तपासायचे असेल, तर नमुना प्रातिनिधिक नाही ही तक्रार गैरलागू ठरते. डोळ्यांसमोरचा आकडा खरेदीच्या संख्येला ओढतो काय, हा असा प्रश्न आहे. त्यासाठी सू सिटीचे रहिवासी पुरेसे आहेत.

हा युक्तिवाद सिद्धान्ताच्या पातळीवर मान्य करावा लागतो. परंतु त्याची मर्यादाही त्यातच आहे. ‘असे घडू शकते’ या विधानापासून ‘असे घडते’ आणि ‘म्हणून असे करावे’ या विधानांपर्यंत जाताना मूक यांचे संरक्षण संपते. व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकात आणि धोरणविषयक टिपणांत आपण नेमका हाच प्रवास करतो.

सूपचेच उदाहरण घेऊ. सात डबे घेणे कोणाला शक्य आहे? ज्याच्या खिशात त्या दिवशी पुरेसे पैसे आहेत, ज्याच्या घरी साठवणीला जागा आहे, ज्याच्याकडे ओझे नेण्यासाठी वाहन आहे आणि ज्याच्या घरी ते खाणारी माणसे आहेत, त्याला. बसने घरी जाणारी एकटी वृद्धा आणि मोटारीतून आलेला चार मुलांचा बाप यांनी एकच फलक वाचला तरी त्या फलकाला त्यांच्या हातून मिळणारे उत्तर एक असू शकत नाही. ७.० ही सरासरी सर्वांनी थोडी थोडी वाढ केल्यामुळेही येऊ शकते आणि काहींनी खूप वाढ केल्यामुळेही. धोरणाच्या आणि नीतीच्या दृष्टीने या दोन शक्यतांत जमीनअस्मानाचा फरक आहे. ज्याचे उत्पन्न तुटपुंजे आहे त्याच्या पिशवीत फलकामुळे गेलेला जादा डबा दुसरी एखादी गरजेची वस्तू बाहेर ठेवून गेलेला असतो. ही बाहेर राहिलेली वस्तू सरासरीत दिसत नाही.

सहभागींची पार्श्वभूमी बदलली की परिणाम केवळ कमीजास्त होत नाही तर त्याची दिशाही बदलू शकते, याचा पुरावा जॅमच्या अभ्यासाच्या लेखकद्वयीनेच आदल्या वर्षी दिला होता. अय्यंगार आणि लेपर यांच्या १९९९ च्या अभ्यासात सान फ्रान्सिस्कोमधील अँग्लो-अमेरिकन मुलांनी स्वतः निवडलेल्या कामात अधिक रस दाखवला, तर आशियाई-अमेरिकन मुलांनी आईने निवडले आहे असे सांगितलेल्या कामात. ‘निवड’ या गोष्टीचे मोल घराण्याच्या आणि संस्कृतीच्या चौकटीत ठरते, असा त्याचा स्वच्छ अर्थ आहे. या अभ्यासाला त्याच लेखकांच्या जॅमच्या टेबलाइतकी प्रसिद्धी मिळाली नाही. सुटसुटीत सूत्र पसरले आणि त्याला मर्यादा घालणारे संशोधन मागे राहिले.

पुढील काळातील पुनर्परीक्षणांनी हा संशय दृढ केला आहे. शायबेहेन, ग्राइफेनेडर आणि टॉड यांनी २०१० साली पर्यायबाहुल्यावरील ५० प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले तेव्हा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य आढळला, परंतु निरनिराळ्या अभ्यासांतील फरक मोठा होता. २०२२ साली ‘नज’विषयक शेकडो परिणामांचे एकत्रीकरण प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी, प्रकाशनातील पक्षपात वजा केल्यास या परिणामांचा पुरावा उरत नाही असे दाखवणारे प्रत्युत्तरही आले. सरासरी शून्याजवळ आणि विखुरलेपण मोठे, अशा स्थितीत ‘संकेत चालतो का’ हा प्रश्न अपुरा ठरतो. ‘कोणावर, कोणत्या दुकानात, कोणत्या परिस्थितीत’ असे विचारणे भाग पडते. आणि हे विचारायचे तर सहभागी कोण होते हे आधी नोंदलेले असले पाहिजे.

सूपच्या अभ्यासाच्या पहिल्या लेखकाविषयी एक गोष्ट येथे नमूद करणे आवश्यक आहे. वॅन्सिंक यांचे सहा लेख सप्टेंबर २०१८ मध्ये ‘जामा’ समूहाच्या नियतकालिकांनी मागे घेतले आणि त्याच महिन्यात कॉर्नेल विद्यापीठाने त्यांच्याकडून संशोधनविषयक गैरवर्तन झाल्याचा निष्कर्ष जाहीर केला. १९९८ चा लेख त्या सहांत नाही आणि त्याचे अन्य दोन लेखकही आहेत. म्हणून केवळ या कारणाने तो फेटाळणे अन्यायाचे होईल. परंतु स्वतंत्र पुनरावृत्तीचा आधार न शोधता तो वर्गात सिद्ध सत्य म्हणून सांगणेही आता समर्थनीय राहिलेले नाही.

५. सहभागी ठाऊक असलेले दोन अभ्यास

सहभागींची नोंद काटेकोर ठेवणे दुकानी संशोधनात अशक्य असते, असे कोणी म्हणेल. पुढील दोन उदाहरणे या समजाला छेद देणारी आहेत.

अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरातील हिल डिस्ट्रिक्ट आणि होमवूड या दोन अल्प उत्पन्न गटातील वस्त्यांत रँड संस्थेच्या संशोधकांनी केलेल्या पाहणीतून २०१५ साली खरेदीच्या यादीविषयीचा लेख प्रसिद्ध झाला. सहभागी होते १,३७२, बहुसंख्य आफ्रिकन अमेरिकन, आणि प्रत्येक घरातील मुख्यतः अन्नखरेदी करणारी व्यक्ती ही अभ्यासाची एकक होती. यादी घेऊन खरेदी करणाऱ्यांचा आहार अधिक चांगला आणि शरीरवस्तुमान निर्देशांक कमी आढळला. यादी ही ग्राहकाने स्वतःला दिलेला संकेत होय. हा सहसंबंध आहे, कार्यकारणभाव नव्हे. यादी करणारी व्यक्ती मुळातच नियोजनप्रिय असेल ही शक्यता उरते. परंतु हे विधान कोणाविषयी आहे याबद्दल वाचकाच्या मनात संदेह राहत नाही.

दुसरे उदाहरण मॅसॅच्युसेट्स राज्यातील हॅम्पडेन परगण्याचे. तेथे २०११-१२ मध्ये शासकीय अन्नसाहाय्य घेणाऱ्या सुमारे ५५,००० कुटुंबांच्या यादीतून ७,५०० कुटुंबे यादृच्छिक पद्धतीने निवडण्यात आली. फळे आणि भाज्या यांवर खर्च केलेल्या प्रत्येक डॉलरमागे त्यांना ३० सेंट परत मिळत. या गटातील प्रौढांचे फळे-भाज्यांचे सेवन तुलनागटापेक्षा २६ टक्क्यांनी अधिक आढळले. ही योजना संकेताची नसून आर्थिक प्रोत्साहनाची होती, हा भेद ध्यानात ठेवलाच पाहिजे. तथापि नमुना निवडीचा धडा स्पष्ट आहे. आधी समष्टीची यादी, मग चिठ्ठी, मग मोजमाप. ज्यांच्यासाठी धोरण आखायचे त्यांच्यातूनच सहभागी आले.

या दोन्ही अभ्यासांचे निष्कर्ष जॅमच्या सूत्राइतके चटकदार नाहीत. त्यांच्या प्रत्येक विधानाला स्थळ, काळ आणि वर्ग यांचे विशेषण जोडावे लागते. हे विशेषण म्हणजे अभ्यासाचा कमकुवतपणा नसून त्याचा प्रामाणिकपणा आहे.

६. आपल्या संदर्भातील ग्राहक

जेफ्री आर्नेट यांनी २००८ साली अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेच्या प्रमुख नियतकालिकांची तपासणी करून दाखवले की त्यांतील सुमारे ९६ टक्के सहभागी पाश्चात्त्य औद्योगिक देशांतील होते आणि हे देश जगाच्या लोकसंख्येच्या सुमारे १२ टक्के भरतात. २०१० साली हेन्रिक, हाइने आणि नोरेंझायन यांनी हा मुद्दा आणखी विस्ताराने मांडला. आपण उरलेल्या समूहात मोडतो. त्यामुळे परकीय अभ्यासाचा निष्कर्ष उचलताना केवळ देश बदलला असे होत नाही, तर ‘खरेदी’ या कृतीची घडणही बदलते.

आपल्याकडील किराणा दुकान दीर्घकाळ काउंटरचे राहिले आहे आणि आजही फार मोठी खरेदी तेथेच होते. ग्राहक फडताळापर्यंत जात नाही, वस्तू त्याच्यापर्यंत येते. तेथे संकेत फलकाचा नसून दुकानदाराच्या तोंडचा असतो. ‘वहिनी, गूळ नवा आलाय’ हे वाक्य म्हणजे संकेतच होय, परंतु तो अनोळखी नाही. तो उच्चारणाऱ्याला घरात माणसे किती, पगार कधी होतो आणि मागची उधारी किती थकली आहे हे ठाऊक असते. सहभागीची लोकसंख्याशास्त्रीय माहिती येथे संशोधकापेक्षा दुकानदाराच्या वहीत अधिक अचूक असते आणि त्याचा संकेत त्या माहितीनुसार माणसागणिक बदलतो. सर्वांना एकच फलक दाखवणाऱ्या प्रयोगाचा आराखडा या व्यवहाराला जसाच्या तसा लागू पडत नाही.

दुसरी बाब अधिक मूलगामी आहे. महिन्याच्या वाणसामानाची यादी घरातील एक व्यक्ती करते, दुकानात दुसरी जाते, पैसे तिसरी देते आणि खातात सगळे. मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून रुजवलेल्या वाटप पद्धतीत तर शेजारच्या कुटुंबांचा संघ आधी मागणी नोंदवतो आणि माल मागाहून येतो. तेथे निर्णयाचा क्षण दुकानात नसून घरात असतो. अशा वेळी प्रश्नावलीत ‘वय’ आणि ‘लिंग’ कोणाचे लिहायचे? दारात भेटलेल्या मुलाचे वय १९ आणि लिंग पुरुष अशी नोंद झाली, तर कोष्टकात तरुण पुरुष ग्राहकांचे प्रमाण वाढते, प्रत्यक्षात मात्र निर्णय त्याच्या आईचा असतो. नोंद अचूक असूनही माहिती चुकीची ठरते, ती अशी.

येथे पणाला काय लागले आहे याचे भान ठेवण्यासाठी एक आकडा पुरेसा आहे. २०२२-२३ च्या कौटुंबिक उपभोग खर्च पाहणीनुसार भारतात दरडोई मासिक खर्चातील अन्नाचा वाटा ग्रामीण भागात ४६.३८ टक्के आणि शहरी भागात ३९.१७ टक्के होता. जेथे खर्चाचा एवढा भाग अन्नावर जातो तेथे खरेदीच्या क्षणी दिलेला संकेत हा किरकोळ प्रयोग राहत नाही. भारत सरकारच्या २०१८-१९ च्या आर्थिक पाहणीत वर्तनवादी अर्थशास्त्रावर आणि ‘नज’वर स्वतंत्र प्रकरण आले. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून मोठ्या दुकानांच्या प्रवेशद्वारी आणि गल्ल्यापाशी अति चरबी, साखर व मीठ असलेले पदार्थ मांडण्यावर निर्बंध आहेत, मात्र लहान दुकाने त्यातून वगळलेली आहेत. म्हणजे संकेताचे शास्त्र आता कायद्यापर्यंत पोहोचले आहे. मोठ्या दुकानात कोण जाते आणि लहान दुकानात कोण, हा प्रश्न अशा वेळी केवळ पद्धतिशास्त्राचा उरत नाही.

७. प्रकल्प अहवालांची स्थिती

महाविद्यालयीन प्रकल्पांत किराणा खरेदी हा आवडता विषय आहे. तो हाताशी असतो आणि खर्चिक नसतो. बहुधा सोयीस्कर नमुना निवडीने शंभर उत्तरदाते जमवले जातात. गुगल फॉर्म आल्यापासून हे काम एका संध्याकाळचे झाले आहे. परंतु फॉर्म ज्यांच्या भ्रमणध्वनीवर जातो ते बहुतेक विद्यार्थ्याचे मित्र आणि नातलग असतात. त्यामुळे तरुण, शिकलेले, शहरी आणि बहुधा घरचा किराणा स्वतः न आणणारे उत्तरदाते नमुन्यात गर्दी करतात. शीर्षक मात्र ‘अमुक जिल्ह्यातील ग्राहकांच्या खरेदी वर्तनाचा अभ्यास’ असे असते.

त्यानंतर वय आणि उत्पन्न यांची काय-वर्ग कसोटी लावली जाते. वयाचे पाच आणि उत्पन्नाचे पाच गट केल्यास २५ घरे तयार होतात. शंभर उत्तरदाते त्यांत समान वाटले तरी प्रत्येक घरात चारच येतात. अपेक्षित वारंवारता पाचाहून कमी असलेली घरे फार असू नयेत हा या कसोटीचा सर्वपरिचित संकेत येथे पहिल्याच पायरीवर मोडतो. निष्कर्ष सार्थ ठरला काय किंवा निरर्थक ठरला काय, दोन्हींचा अर्थ लावण्यास आधार नसतो.

दोष केवळ विद्यार्थ्यांचा नाही. मार्गदर्शक म्हणून आपण कोष्टकाची अपेक्षा करतो, त्याच्या उपयोगाची करीत नाही. यावर काही साधे उपाय सुचवता येतील. प्रश्नावलीच्या आरंभी ‘घरचा किराणा मुख्यतः कोण आणते’ आणि ‘काय आणायचे हे कोण ठरवते’ असे दोन स्वतंत्र प्रश्न असावेत. नकार देणाऱ्यांची संख्या, आणि शक्य तेथे त्यांचे अंदाजे वय व लिंग, नोंदवलेले असावे. उत्पन्नाबरोबर मिळकतीची आवर्तिता, म्हणजे रोजची, आठवड्याची की महिन्याची, विचारली जावी, कारण खरेदीचे प्रमाण उत्पन्नाच्या आकड्याइतकेच त्याच्या हप्त्यावर अवलंबून असते. पाहणी एकाच वेळेला न करता सकाळ, संध्याकाळ, आठवडी बाजाराचा दिवस आणि पगाराचा आठवडा यांत विभागावी. आणि निष्कर्षातील प्रत्येक वाक्यात ‘ग्राहक’ या शब्दाआधी नमुन्याचे खरे विशेषण लिहावे. पाचांपैकी शेवटचा उपाय सर्वांत स्वस्त आहे आणि, प्रत्यक्ष लिहू लागल्यास, सर्वांत अवघडही.

८. समारोप

वरील विवेचनाचा रोख गाजलेल्या अभ्यासांना हिणवण्याकडे नाही. दुकानाला प्रयोगशाळा करण्याचे धाडस त्यांनी केले आणि मानवी निर्णय बाह्य परिस्थितीने किती सहज हलतो हे दाखवण्याचा प्रयत्न केला. परंतु त्या अभ्यासांनी जे विचारले त्यापेक्षा अधिक त्यांच्या तोंडी घालण्याचा अधिकार आपल्याला नाही. मेन्लो पार्कमधील पस्तीस जॅम खरेदीदार, सू सिटीतील सूप घेणारे आणि इंग्लंडातील वाइनच्या ब्याऐंशी बाटल्या यांतून एक उपयुक्त गृहीतक मिळते. ते गृहीतक आपल्या वाण्याच्या दुकानात, आपल्या पगाराच्या तारखांत आणि आपल्या घरांतील श्रमविभागणीत तपासून घ्यावे लागेल.

सहभागींची लोकसंख्याशास्त्रीय रचना ही निष्कर्षाची हद्द ठरवणारी रेषा आहे, आणि प्रबंधातील औपचारिक प्रकरण समजून तिच्याकडे पाहिल्यास तिचे हे काम नाहीसे होते. ही रेषा ज्या अहवालात पुसट असते तेथे सर्वाधिक पुसले जातात ते कमी उत्पन्नाचे, वृद्ध, निरक्षर आणि दुकानात न येता घरी यादी करणारे लोक. धोरण मात्र त्यांच्याच ताटापर्यंत पोहोचते. म्हणून कोणत्याही खरेदीविषयक संशोधनाचे परीक्षण करताना परिणामाचा आकडा वाचण्याआधी सहभागींचे कोष्टक वाचण्याची, आणि ते निष्कर्षापर्यंत टिकले आहे काय हे पाहण्याची शिस्त आपण स्वतःला आणि विद्यार्थ्यांना लावून घेणे अगत्याचे आहे.